एका गल्लीतल्या दोन बोली : बहरीनच्या अरबीच्या अभ्यासाला प्रस्तावना

मुंबईहून बहरीनला नव्याने आलेल्या मराठी माणसाची पहिली फजिती बहुधा 'माफी' या शब्दाने होते. माझी तरी झाली. दुकानात सुटे पैसे मागितले, दुकानदार मान हलवून म्हणाला, 'माफी.' मनात आलं, काय सभ्य लोक आहेत! सुटे नाहीत तर चक्क माफी मागतात. पुढच्या दुकानात कोथिंबीर मागितली, तिथेही 'माफी.' आठवडाभराने कोणीतरी हसत हसत उलगडा केला. अरबी 'मा' म्हणजे नकार आणि 'फी' म्हणजे आहे. 'मा फी', म्हणजे नाही. संपलंय. पुढे चला.

या विषयाचे पहिले दोन धडे मी त्या कोथिंबिरीच्या दुकानात शिकलो. एक, ओळखीचा वाटणारा शब्द ओळखीचा असेलच असं नाही. दुसरा धडा उशिरा कळला. तो दुकानदार माझ्याशी बोलला ती त्याची घरची बोली नव्हती. परदेशी कामगारांशी बोलायची एक सैल, व्याकरणाचे कंगोरे झिजलेली बाजारी अरबी आखातभर चालते. अभ्यासक तिला पिजिन म्हणतात. हाच माणूस संध्याकाळी आईशी वेगळं बोलतो, आणि शेजाऱ्याशी कदाचित आणखी वेगळं. त्याच्या आजोळी, एखाद्या खेड्यातल्या म्हाताऱ्याच्या तोंडी, 'आहे' या अर्थी 'फी'ऐवजी 'हस्त' हा फारसीतून आलेला शब्दही ऐकू येईल. 'आहे'सारखा रोजचा शब्दसुद्धा इथे कोण, कोणाशी, कुठे बोलतोय ते पाहून निवडला जातो.

ही प्रस्तावना त्या निवडीच्या अभ्यासाची आहे. ज्याला अरबी येत नाही पण कान उघडे आहेत, ज्याने घरात आजीचं आणि शाळेतल्या बाईंचं मराठी वेगवेगळं ऐकलं आहे, अशा मराठी वाचकासाठी मी ती लिहितो आहे. त्याची निम्मी तयारी घरीच झालेली असते.

आधी जागा पाहू. बहरीन हा बेटांचा देश, क्षेत्रफळ सुमारे ७८० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा मोठा, पण दुप्पटही नाही. एवढ्याशा भूमीत बोलीभेद तो कितीसा असणार, असं वाटेल. आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इथे बारा कोसांत देशच संपत येतो, तरी भाषा बदलते. फक्त ती अंतराने बदलत नाही. एकाच गल्लीत, समोरासमोरच्या दोन दारांत ती बदललेली सापडते.

याचं कारण इतिहासात आहे. बेटावर जुना वस्तीला असलेला शेतकरी, खजुराच्या बागा करणारा, विणकर, कुंभार असा शिया समाज आहे. त्याला 'बहारना' म्हणतात. १७८३ मध्ये कतारमधल्या झुबाराहून आलेल्या अल खलिफा घराण्याने बेट घेतलं. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या आगेमागे मूळच्या भटक्या, टोळीवाल्या सुन्नी अरबांची घराणी इथे स्थिरावली. बोलीच्या चर्चेत त्यांना नुसतं 'अरब' म्हणतात. शिवाय इराणच्या किनाऱ्याहून आलेली कुटुंबं आहेत. एक शब्द इथेच पक्का करून ठेवा. 'बहरीनी' म्हणजे या देशाचा कोणीही नागरिक, आणि 'बहरानी' म्हणजे बहारना समाजाचा माणूस. एका स्वराचा फरक, पण तो चुकला तर समोरच्याचा चेहरा लगेच बदलतो.

आता कान लावा. नेमकं काय ऐकायचं, त्याच्या चार खुणा सांगतो.

पहिली खूण 'ज'ची. ग्रांथिक अरबीतला 'ज' बहारना 'ज'च म्हणतात. अरब बोलीत त्याचा 'य' होतो. कोंबडी एका घरात 'दिजाजा', समोरच्या घरात 'दियाया'. 'येतोय' हे एका तोंडी 'जाय', दुसऱ्या तोंडी 'याय'. वऱ्हाडी ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे 'ळ'चा असाच 'य' होतो. डोळ्याचा 'डोया' आणि काळ्याचा 'काया' होतो.

दुसरी खूण 'थ'ची. जिभेचं टोक दातांत धरून काढायचा एक थ अरबीत आहे, तो अरब बोलीने जपला. बहारनांनी त्याचा 'फ' केला. तीन म्हणजे एकीकडे 'थलाथा', दुसरीकडे 'फलाफा'. लसूण एकीकडे 'थूम', दुसरीकडे 'फूम'. हे ऐकून कोणी 'गावंढळ उच्चार' म्हणून हसला तर त्याला कुराणाच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण करून द्यावी. तिथे इस्रायलच्या लोकांनी मागितलेल्या अन्नपदार्थांत 'फूम' हाच शब्द आहे, आणि तो लसूण की गहू यावर भाष्यकारांनी शतकानुशतकं खल केला आहे. म्हणजे थ-फची ही अदलाबदल जुन्या पंडितांनाही ठाऊक होती.

तिसरी खूण बायकांशी बोलतानाची. 'तुझं घर' असं एखाद्या बाईला म्हणायचं तर अरब बोलीत 'बेतिच', बहारना बोलीत 'बेतिश'. शेवटचा एवढासा च किंवा श बोलणाऱ्याचं कूळ सांगून जातो.

चौथी खूण कॉफीची. बहारना 'गह्वा' म्हणतात. अरब बोलीत मधला स्वर जागा बदलून 'ग्हवा' होतो. आणि काही बहारना खेड्यांत सुरुवातीला घशाच्या मागून काढलेला 'क' येतो. पाहुण्यापुढे कॉफी ठेवायच्या आधीच यजमान कोण ते कळलेलं असतं.

अशा समाजवार बोली काही बहरीननेच शोधलेल्या नाहीत. हाइम ब्लांक यांनी १९६४ मध्ये बगदादवर लिहिलं, तेव्हा एकाच शहरात मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती तीन प्रकारची अरबी बोलताना दाखवून दिले होते. आपल्याकडेही रत्नागिरीच्या एकाच गावात चित्पावनी आणि कुणबी बोली नांदत आल्या. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात मराठी बोलींच्या पाहणीचे खंड काढले, त्यांत कुडाळी आणि गोव्याच्या गावडीबरोबर महाडच्या कुणबी बोलीलाही स्वतंत्र पुस्तक दिलं. म्हणजे बोलीला गावाबरोबर समाजाचाही पत्ता असतो, हे आपल्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक होतं. बहरीनमध्ये तो दुसरा पत्ता आधी वाचावा लागतो, एवढंच.

पण बहरीनचं खरं शिक्षण यापुढे आहे, आणि ते मराठीवरून मिळणं अवघड आहे. अमरावतीचा मुलगा पुण्यात शिकायला आला की महिनाभरात 'डोया' सोडून 'डोळा' म्हणू लागतो. का? पुस्तकात 'डोळा' आहे म्हणून, की पुण्यात प्रतिष्ठा आहे म्हणून? सांगता येत नाही, कारण आपल्याकडे पुस्तक आणि प्रतिष्ठा दोन्ही एकाच दिशेला ओढतात. एकाच बाजूने दोघं दोर ओढत असले तर कोणाचा जोर किती, ते कसं कळणार?

बहरीनमध्ये हे दोघे समोरासमोर उभे आहेत. पुस्तकातला 'ज' बहारनांच्या तोंडी आहे, तर समाजातली प्रतिष्ठा 'य' म्हणणाऱ्यांकडे आहे. राज्यकर्त्यांची बोली ती. अशा वेळी बहारना माणूस मिश्र मंडळीत बसला की काय करतो? क्लाइव्ह होल्स यांनी १९७० च्या दशकात इथे फिरून ध्वनिमुद्रणं केली आणि १९८० च्या दशकात मांडलं, की तो आपला पुस्तकी 'ज' सोडून 'य'कडे झुकतो. शुद्धलेखनाच्या हिशेबाने तो 'बरोबर'कडून 'चूक'कडे जातो, आणि बैठकीच्या हिशेबाने उलट. प्रमाणभाषा आणि प्रतिष्ठित भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सिद्ध करायला जगभरचे अभ्यासक या बेटाचा दाखला देतात तो यामुळे. ही एक गोष्ट तुमच्या हाती लागली, तर पुण्यातल्या त्या अमरावतीकर मुलाकडेही तुम्ही नव्याने पाहाल.

उच्चारानंतर अर्थ. हा प्रांत अधिक रसाळ आहे, आणि जास्त निसरडाही.

'दाना' हा शब्द घ्या. तो आपलाच दाणा. फारसीत दाना म्हणजे धान्याचा कण. मराठीत त्याने शेंगदाण्यापासून पाखरांच्या दाण्यापर्यंत संसार केला. आखातात तो मोत्यांच्या धंद्यात शिरला आणि मोठा झाला. तिथे 'दाना' म्हणजे टपोरा, निर्दोष, क्वचितच हाती लागणारा मोती. मोत्यांच्या बोटीचा प्रमुख 'नोखधा'. हा फारसी नाखुदा, आणि आपल्या कोळीवाड्यातला नाखवा त्याचाच भाऊ. त्याच बोटीवर बुडी मारणारा 'घेस', त्याची दोरी वर ओढणारा 'सेब', आणि थकल्या हातांना गाण्याने बळ देणारा 'नह्हाम'. १९३० च्या आसपास जपानी कल्चर मोती आणि जागतिक मंदी यांनी हा धंदा बसवला; १९३२ मध्ये इथे तेल लागलं आणि माणसं बोटीवरून तेलाच्या कामावर गेली. मुहर्रकचा मोतीमार्ग २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे घरं जपलेली दिसतात. 'सेब' हा शब्द मात्र ज्याच्या आजोबांच्या तळहातांना दोरीचे घट्टे होते त्याच्या तोंडून ऐकावा. तो नुसतं 'दोरी ओढणारा' असं सांगत नाही. पाण्याखालच्या माणसाचा जीव ज्याच्या मुठीत तो सेब, असं सांगतो. कोशात पहिला अर्थ असतो. दुसऱ्यासाठी माणूस गाठावा लागतो.

आता बागेत चला. ग्रांथिक अरबीत 'दूलाब' म्हणजे चाक, रहाट. आजच्या शहरी वापरात कपाट. बहरीनच्या जुन्या शेतकऱ्याच्या बोलीत 'दोलाब' म्हणजे पाणी उपसून भिजवलेली अख्खी बाग. यंत्राचं नाव जमिनीला चिकटलं. आपल्या महसुली दप्तरांत मोटेच्या पाण्याची जमीन 'मोटस्थळ' आणि पाटाच्या पाण्याची 'पाटस्थळ' म्हणून नोंदवलेली असे, हे आठवलं की हा अर्थ विचित्र वाटत नाही. पाणी जिथे मोलाचं असतं, तिथे जमिनीची ओळख पाण्यावरूनच होते. पण ज्याने मोट पाहिली नाही त्याला 'मोटस्थळ' म्हणजे मोटारींचा तळ वाटेल. अर्थ विसरला जातो तो असा, आधी वस्तू जाते आणि मागून शब्द.

जेवणाच्या पानावर तर सावधच राहावं. इथे 'एश' म्हणजे भात. हाच शब्द कैरोत म्हणाल तर समोर भाकरीसारखी पोळी येईल. मूळ अर्थ जगणं. ज्याचं जगणं ज्यावर, त्याला ते नाव. मराठीत आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, तिथे शीत म्हणजे एक कण. गोव्यात 'शीत' म्हणजे ताटातला सगळा भात. गोव्याच्या पाहुण्याला 'शीतभर वाढू का' असं विचारून पाहा, म्हणजे बोलीभेद पोटाला कळतो.

तिसरा प्रांत उसन्या शब्दांचा, आणि इथे मराठी माणसाला उगीच मालकी गाजवायचा मोह होतो. मोह स्वाभाविक आहे. हे बेट मुंबईच्या व्यवहारात इतकं गुंतलं होतं की इथे भारतीय रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला, आणि १९६५ मध्ये बहरीनने दहा रुपयांना एक या भावाने स्वतःचा दिनार आणला. दिनाराचे हजार फिल्स. म्हणून शंभर फिल्स म्हणजे जुना एक रुपया. आजही बाजारात शंभर फिल्सच्या नाण्याला 'रुब्बिया' म्हणतात. रुपया गेल्याला साठ वर्षं होऊन गेली, हिशेब मात्र त्याच नावाने चालू आहे. आपण 'आठ आणे' म्हणत राहिलो तसंच.

पंख्याला 'बान्का', सरळला 'सीदा', बटाट्याला 'आलू', धोब्याला 'दोबी'. अरबीत 'प' नाही म्हणून पंख्यातल्या 'प'चा 'ब' झाला. आणि टपरीवरचा 'करक' हा तर आपला कडक चहा. 'ड' अरबी जिभेला परका, त्याचा 'र' झाला. मजा अशी की आज मुंबईत नव्या धाटणीच्या हॉटेलांत 'करक चाय' म्हणून हाच चहा परदेशी नावाने परत आला आहे. माहेरी आलेल्या मुलीला कोणी ओळखू नये, तशी गत.

पण यातला कुठला शब्द हिंदीचा, कुठला उर्दूचा, गुजरातीचा की मराठीचा, हे छातीठोकपणे सांगू नये. मुंबईच्या धक्क्यावर या भाषा वेगवेगळ्या पेटाऱ्यांत भरलेल्या नव्हत्या. आणि नुसत्या सारखेपणावर तर मुळीच विसंबू नये. अरबी 'जार' म्हणजे शेजारी. अरब बोलीत ज चा य होऊन तो 'यार' होतो. आपला यार फारसीतून आला, म्हणजे मित्र. दोघांचं गोत्र वेगळं. शेजारी मित्र असावा हे चांगलंच, पण व्युत्पत्तीत ते नातं लावता येत नाही.

या क्षेत्रात तुमच्याआधी कोण चाललं, तेही सांगतो, कारण त्यांच्या पाऊलवाटा उपयोगी पडतात. टी. एम. जॉन्स्टन यांनी १९६७ मध्ये पूर्व अरबस्तानच्या बोलींचा आराखडा मांडला. महदी अब्दल्ला अल ताजिर यांचा बहारना बोलीवरचा ग्रंथ १९८२ चा. होल्स यांचं बहरीनमधल्या भाषाबदलावरचं पुस्तक १९८७ मध्ये आलं. पुढे त्यांचा तीन खंडांचा मोठा प्रकल्प झाला, २००१ मध्ये शब्दकोश, २००५ मध्ये लोकांच्या तोंडच्या हकिकती, २०१६ मध्ये व्याकरण. क्रम लक्षात घ्या. आधी शब्द, मग माणसांच्या गोष्टी, आणि व्याकरण सगळ्यात शेवटी. शाळेत आपण नेमके उलटे शिकतो. हकिकतींच्या खंडात शेती आहे, मोती आहे, लग्नं आहेत. शब्द तिथे आपापल्या कामाच्या कपड्यांत भेटतात.

पुढच्यांसाठी काम भरपूर आहे. ईसा टाउन आणि हमद टाउन या सरकारी वसाहतींत निरनिराळ्या समाजांची कुटुंबं शेजारी राहायला आली. तिथे वाढलेली मुलं जिन्यात खेळताना 'ज' म्हणतात की 'य'? मोबाइलवर अरबीत संदेश लिहिताना कोंबडीचं स्पेलिंग कसं करतात? असे प्रश्न विचारायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वही लागते, आणि बसून राहायची तयारी.

बसायचं कसं, याचे तीन अनुभव सांगून थांबतो. पहिला, 'याला तुमच्यात काय म्हणतात?' असं विचारू नका. 'तुमच्यात' हा शब्द ऐकला की माणूस सावध होतो आणि तुम्हाला पुस्तकी शब्द काढून देतो. 'हे कसं करायचे?' असं विचारा. हात हलू लागले की शब्द आपोआप येतात. दुसरा, कोणाचा उच्चार ऐकून त्याचा समाज ओळखला, तरी तो मोठ्याने बोलून दाखवू नका. आपण आडनावावरून जे करतो ते इथे व्यंजनावरून होतं, आणि त्याने होणारी जखमही तशीच असते. तिसरा, बरोबर-चूक ठरवायला जाऊ नका. आपण पाहुणे आहोत; पाहुण्याने आमटीत मीठ कमी म्हणू नये.

पहिल्या धड्यासाठी लांब जायला नको. सकाळी मासळीबाजारात जा. सुरमईच्या ढिगाजवळ उभे राहा. पाटीवर ग्रांथिक अरबीत 'कनअद' लिहिलेलं असेल, विकणारा 'चनअद' ओरडत असेल, आणि शेजारी उभी राहून भाव करणारी केरळची बाई त्याला तिसरंच काही म्हणत असेल. मासा मात्र तोच आहे. वहीत तिन्ही शब्द लिहा. पण प्रत्येक शब्दाआधी तो कोणी, कोणाला उद्देशून म्हटला ते लिहा. मी पहिल्या वर्षी नुसते शब्द टिपले. ती वही आज माझ्याकडे आहे, दोनशे पानांची, आणि तिचा मला काहीही उपयोग होत नाही.